तुझी मुलगी आणि माझे पाच सूर

ता. १४ जून

चि. धाकटीस,

अ. उ. आ. आशीर्वाद आधीच देऊन ठेवते. पुढे सूचनाच सूचना आहेत, मग जागा उरायची नाही.

सुखरूप पोचले. वाद्यवृंदाने दिलेली खोली बरी आहे. खिडकी उघडली की समोर भिंत, त्यामुळे सरावात लक्ष विचलित होण्याची भीती नाही. मला दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेत मागची खुर्ची मिळाली आहे. या वयात मागची का होईना, खुर्ची मिळाली हेच खूप. करार सहा महिन्यांचा. टिटवीचे बाबा बोटीवर नसते तर लेकीला तुझ्या गळ्यात घातलं नसतं.

आता सूचना. ओल्या केसांनी झोपू देऊ नकोस. पुस्तक घेऊन जेवायला बसली तर पुस्तक काढून घे. आणि मुख्य म्हणजे व्हायोलिन. पेटी तिच्याबरोबर पाठवली आहे. मार्चच्या परीक्षेत दुसरा क्रमांक आला, मी गाडीत एवढंच म्हटलं की तिसऱ्या पानावर गज घसरला नसता तर पहिला होता. त्या दिवसापासून तिने पेटी उघडलेली नाही. तू त्यावर बोलू नकोस, फक्त पेटी तिच्या डोळ्यांसमोर राहील अशी ठेव.

आणि हे बघ, रागावू नकोस, पण तुझ्या वर्गातल्या ठोकाठोकीत तिला ओढू नकोस. तुझी मुलं आनंदात असतात, मान्य. पण टिटवीचा कान, ती पाच वर्षांची होती तेव्हापासून, मी घडवत आणला आहे. त्याच्यावर ठोकळे नकोत.

तुझा चहा कमी कर. पत्र पाठव. माझ्या मुलीला जप, पण माझ्याइतकी जपू नकोस. परत आल्यावर मला पंचाईत व्हायची.

तुझी
ताई


ता. ५ जुलै

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. (गुडघा धरलाय, त्यामुळे साष्टांगातलं एक अंग कमी समज.)

टिटवी मजेत आहे. खालचे चष्मेवाले काका तिला शाळेतून येताना अडवतात आणि तपासणीच्या फलकावरची सगळ्यात खालची ओळ वाचायला लावतात. ती मुद्दाम चुकीची अक्षरं सांगते आणि त्यांना घाम फोडते. ओल्या केसांनी झोपत नाही. पुस्तक घेऊन जेवते, कारण मीही पुस्तक घेऊन जेवते. व्हायोलिन तू सांगितलंस तसं कपाटावर, अगदी समोर ठेवलं आहे. अबोला धरलेल्या पाहुण्याला टाळावं तशी ती त्याच्यासमोरून जाते.

आता पुढचं वाचण्याआधी पाणी पी.

शाळा सुटल्यावर माझा तासभर वर्ग असतो हे तुला माहीत आहे. ती माझ्यासाठी थांबायची म्हणून मागच्या बाकावर गणितं सोडवत बसायची. मी तिला बोलावलं नाही, शपथ. तू ज्यांना ठोकळे म्हणतेस त्या झायलोफोनच्या लाकडी पट्ट्या सुट्या निघतात. मी त्यातून मध्यम आणि निषाद काढून घेते. उरतात सा, रे, ग, प, ध. आता कुणीही कुठेही काठी मारली तरी दोन सूर एकमेकांच्या अंगावर जात नाहीत. मग मुलं घाबरत नाहीत, आणि घाबरली नाहीत की ऐकायला लागतात. आमचा नियम एकच आहे. चुकलं असं म्हणायचं नाही, तेच पुन्हा एकदा वाजवायचं. दोनदा वाजलं की ते चुकलेलं राहत नाही, ते आपलं होतं.

सध्या आम्ही सवाल-जवाब खेळतो. एकाने सवाल वाजवायचा आणि कुठेही सोडून द्यायचा. दुसऱ्याने तो उचलायचा आणि सा वर घरी आणायचा. परवा गालफुगीची जोडीदार आली नव्हती. (गालफुगी ही माझी सगळ्यात लहान विद्यार्थिनी. विचार करताना गाल फुगवते.) तिने सवाल वाजवला आणि काठी वर धरून वाट बघत राहिली. कुणी उठेना. तेवढ्यात मागून बाक सरकल्याचा आवाज आला. टिटवी आली, उभ्याउभ्याच जवाब वाजवला आणि परत जाऊन गणिताला लागली. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर ती परत आली नसती.

दुसऱ्या दिवशी ती गणिताची वही न आणताच आली.

रागावलीस ना? रागाव. पण ताई, ती वाजवताना हसत होती. तुला कळवावंसं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं मिरवावंसंही वाटलं.

लोभाला उतार पडू देऊ नये, ही विनंती.

तुझी
धाकटी


ता. २२ जुलै

ती. आईस,

शि. सा. न.

मी बरी आहे. मी एक चाल बांधली आहे. मावशी म्हणते की चाल बांधायला आधी एक वाक्य घ्यायचं, ते मोठ्याने म्हणायचं आणि त्याची लय हातात घ्यायची. मी 'बाबांची बोट दिसत नाही' हे वाक्य घेतलं. 'बाबांची बोट' म्हणजे ग ग रे सा. 'दिसत' म्हणजे ग प. 'नाही' म्हणजे रे आणि मग लांब सा. दुसऱ्या ओळीत हेच वरून येतं, ध पासून. तिसरी ओळ पहिल्यासारखीच आहे, पण शेवटचं 'नाही' मी सा वर आणलेलं नाही. ते ध वर सोडून दिलं आहे. मावशीने विचारलं की घरी आणायचं नाही का. मी म्हटलं, बोट अजून आली कुठे आहे?

सोबतच्या कागदावर सगळं लिहिलं आहे. तूच शिकवलंस तसं लिहिलं आहे, मावशीसारखी चित्रं काढलेली नाहीत.

तू जेवतेस ना वेळेवर?

तुझी
टिटवी


ता. ३० जुलै

चि. टिटवीस,

अ. उ. आ., आणि या वेळी एक जास्तीचा, चालीसाठी.

तुझा कागद मी तालमीच्या मधल्या सुट्टीत उघडला. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनाही दाखवला. तेरा वर्षांच्या मुलीचं लिखाण इतकं स्वच्छ कसं, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, घरचं वळण आहे.

चाल छान आहे. थोडी बोडकी वाटते, पण तो तुझा दोष नाही. पाचच सूर हातात दिल्यावर कुणीही काय करणार? मी थोडी नीट करून परत पाठवते आहे. तिसऱ्या ओळीत 'दिसत'वर मी मध्यम घातला आहे. लाल शाईने केलं आहे ते बघ. आणि शेवट ध वर लोंबकळत होता तो निषादाकडून सा वर आणला आहे. व्हायोलिनवर वाजवून बघ. निषादावर क्षणभर थांबलीस तर अंगावर काटा येईल.

बाबांवर चाल बांधलीस हे त्यांना कळवते. आईवर बांधायची झाली तर वाक्य मी सुचवीन, तू उगाच काहीतरी निवडशील.

तुझी
आई


ता. ११ ऑगस्ट

ती. ताईस,

शि. सा. न. आज विनंती विशेष नाही, तक्रार विशेष आहे.

तू नीट केलेली चाल आली. टिटवीने ती मलाच दिली आणि शाळेच्या पियानोवर वाजव म्हणाली. मी वाजवली. ताई, त्या एका मध्यमाने तू अख्खी ओळ भिजवून टाकलीस. तो सूर तिथे सुचायला मला दुसरा जन्म घ्यावा लागला असता. वाजवता वाजवता मला तुझा हेवा वाटला, आणि तो काही मला नवीन नाही.

टिटवी शेजारी उभी होती. तिने पूर्ण ऐकलं आणि 'मी बांधली होती त्यापेक्षा चांगली झाली आहे' असं शांतपणे म्हणाली. मग आपल्या झायलोफोनपाशी गेली आणि तुझ्या कागदावरून वाजवू लागली. तिसऱ्या ओळीत काठी खाली आली ती रिकाम्या जागेत. तिथे पट्टीच नव्हती ना. मी धावत कपाटातून मध्यमाची पट्टी काढून आणली. तिने ती बसवू दिली नाही. आईने बोट बंदराला लावून टाकली, आता मी काय वाजवू, असं म्हणाली.

ती रडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी ती मागच्या बाकावर गणितं घेऊन बसली. आजही तिथेच आहे.

तुझ्या चालीत चूक नाही. चूक एवढीच की तिने पत्र पाठवलं होतं आणि तू पेपर तपासलास.

रागाने लिहिलं आहे, लोभाने वाचावं.

तुझी
धाकटी


ता. १९ ऑगस्ट

चि. धाकटीस,

अ. उ. आ.

तुझ्या शेवटच्या वाक्याने नाकाला मिरच्या झोंबल्या. चांगलं जमलं आहे वाक्य. बराच वेळ घालवलेला दिसतो.

मी तिची शिक्षिका आहे. चुकीला चूक म्हणायचं नाही हा नियम तुझ्या वर्गात ठीक आहे, कारण तिथे चुकायची सोयच नाही. तू मध्यम आणि निषाद काढून ठेवतेस म्हणजे जिथे जिथे पाय अडखळेल त्या पायऱ्याच काढून ठेवतेस. मग मुलं धावतात आणि सगळे म्हणतात, बाई काय छान शिकवतात! पण गाण्यातली ओढ त्या अडखळण्यातच असते. ती त्यांना कोण शिकवणार? मी. आणि मग वाईट कोण? मीच.

आता जे खरं आहे ते लिहिते, म्हणजे पुन्हा विचारू नकोस. इतकी वर्षं मी रोज सकाळी तिची हनुवटी, कोपर, मनगट सरळ करत आले. आणि माझ्या मुलीने पहिली चाल बांधली ती तुझ्या खोलीत, तुझ्या काठीने. ती हसत होती असं तू लिहिलंस. माझ्यासमोर वाजवताना ती कधी हसली ते मी आठवून बघितलं. तालमीत दोनदा माझी जागा चुकली, संचालकांनी छडी खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. हे कुणाला गोड लागेल?

तुझ्या वर्गाची पालकांसाठी दुपार आहे असं टिटवी म्हणाली होती. मी रजा काढून येते आहे. मलाही बघू दे ही जादू काय आहे ती.

तुझी
ताई


ता. ७ सप्टेंबर

चि. धाकटीस,

अ. उ. आ. गाडीतच लिहिते आहे, अक्षर हलेल.

मी उगाच घाबरत होते. किती सुंदर झाली दुपार! मुलांनी वाजवायला सुरुवात केली आणि पालकांनीही सामील व्हावं असं तू म्हणालीस, तेव्हा मी व्हायोलिन काढावं की नाही असं क्षणभर झालं. पण काढलं ते बरं केलं. आणि पाचच सूर वापरले हं मी! तुझा नियम मोडला नाही. इतके दिवस दुसऱ्याची पानं वाजवतेय, बोटं अशी सुटली की मलाच थांबवता येईना. मोठ्या बाई म्हणाल्या की या खोलीत असं वादन आजवर झालेलं नाही. तो दाढीवाला पालक तर डोळे पुसत होता.

टिटवी स्टेशनवर आली नाही. डोकं दुखतं म्हणे. खिडकीशी बसून वाचते, त्याने होत असेल. चष्मेवाल्यांना दाखव.

आज तुझ्यावरचा राग मी तुझ्याच वर्गात विसरून आले आहे. सापडला तरी परत पाठवू नकोस.

तुझी
ताई


ता. १२ सप्टेंबर

ती. आईस,

शि. सा. न.

डोकं दुखत नव्हतं.

तू पाचच सूर वापरलेस हे मला कळलं. खूप छान वाजवलंस. पण तू सुरुवात केलीस तेव्हा आम्ही सगळे वाजवत होतो. आधी गालफुगी थांबली. मग तिच्या शेजारचे दोघे थांबले, कारण त्यांना स्वतःचं ऐकू येईना. मग एकेक करून सगळेच. शेवटी मी एकटी राहिले होते. मला वाटलं, मी थांबले तर तुला कळेल. मी थांबले. तुझे डोळे मिटलेले होते. टाळ्या मीही वाजवल्या.

मावशीने नुसत्या काठ्या गोळा केल्या. 

पुढचं वर्षही मी मावशीकडेच राहू का? मावशीला अजून विचारलेलं नाही, पण ती नाही म्हणणार नाही. तुला तिकडे सराव करायला शांतता मिळेल.

टिटवी


ता. १८ सप्टेंबर

धाकटे,

आशीर्वाद आज तुझे तूच घे.

टिटवीचं पत्र आलं. तिला पुढचं वर्षही तुझ्याकडे राहायचं आहे. अभिनंदन. मोठ्याने बोलायची नाहीस तू, नुसत्या काठ्या गोळा करशील आणि मुलगी तुझी होईल. तुला आधीपासून हेच साधतं. मी कष्टाने काहीतरी उभं करायचं आणि तू शेजारी बसून नुसतं हसायचं, की सगळे तुझ्याकडे.

तुला मूल नाही याचं मला नेहमी वाईट वाटत आलं. पण म्हणून माझं घेऊन बसायचं नाही.

हे वाक्य खोडणार होते. खोडत नाही.

आणखी ऐक. इकडे माझा करार एक वर्षाने वाढवतो म्हणाले आहेत. खुर्चीही पुढची. मी ठरवलं होतं की टिटवीसाठी नकार द्यायचा, थोडं रडायचं, आणि तिने कधीतरी मोठी झाल्यावर ते समजून घ्यायचं. आता तीच म्हणते की तू रहा तिकडे. मग मी नकार द्यायचा तो कुणासाठी? कागद तसाच टेबलावर पडला आहे. ज्या खुर्चीसाठी इतकी वर्षं घासली तिच्याकडे बघवत नाही, आणि मला दिवसभर डोळ्यांसमोर दिसतं ते तुझं घर. तुम्ही दोघी समोरासमोर पुस्तकं धरून जेवताय.

ताई


ता. २६ सप्टेंबर

ती. ताईस,

नमस्कार.

ते वाक्य वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं नाही. त्याबद्दल आपण पुन्हा कधी बोलायचं नाही. बोललो तर मी काय म्हणेन याची मला खात्री नाही.

टिटवीला मी मागितलेलं नाही. पण राहायचं आहे असं तिने सांगितलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी जिन्यात जाऊन उभी राहिले. आणि ताई, तो सगळा आनंद काही चांगला नव्हता. लहानपणी आपले अण्णा तुला शिकवायला आत घ्यायचे आणि दार लावायचे. हिला कान नाही म्हणायचे, हिला नको. मी पायरीवर बसून तुमचं ऐकायची. टिटवी माझ्याकडे वळली तेव्हा मनात पहिली गोष्ट काय आली असेल तर ही, की आता बसू दे ताईला बाहेर.

पण बाहेर बसणं कसं असतं ते मला माहीत आहे. तुला ते बघत बसायला लावणं मला जमणार नाही.

तर असं कर. डिसेंबरात करार संपला की आठवडाभर इकडे ये. वर्गात ये. रोज ये. व्हायोलिन आणू नकोस. मी सांगेन ते वाजव आणि मी सांगेन तितकंच वाजव. जमेल का तुला, मला शंका आहे. तोवर टिटवीने कुठे राहावं यावर मी तिच्याशी एक शब्द बोलणार नाही. तूही बोलू नकोस.

लोभ दोघींचाही जरा दमला आहे. झोप झाली की बरा होईल.

धाकटी


ता. १९ डिसेंबर

ती. बाबांना,

शि. सा. न. वि. वि.

तुमची बोट आता कुठे आहे? हे पत्र तुम्हाला मिळेपर्यंत आम्ही घर बदललेलं असेल, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आई गेल्या सोमवारी आली. व्हायोलिन न घेता. मावशीने तिला लहान मुलांच्या गटात, बुटक्या बाकावर बसवलं. आईचे गुडघे हनुवटीला लागत होते. नव्या माणसाला काय काम द्यायचं ते गालफुगी ठरवते. तिने आईला सांगितलं की नव्याने फक्त खालचा सा आणि प वाजवायचे, एकदा हा, एकदा तो, आणि बाकी सगळे काय करताहेत ते ऐकायचं. आई म्हणाली की बरं.

पहिल्या दिवशी आईचं खूप जोरात झालं. गालफुगीने गाल फुगवून तिच्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी मध्येच आईचा हात ग कडे गेला. मी बघत होते. तिने तो मागे घेतला आणि घट्ट मुठीत धरला. तिच्या कपाळावर घाम आला होता, बाबा. कार्यक्रमात एवढ्या लोकांसमोर वाजवताना येत नाही.

गुरुवारी मावशीने मला विचारलं की तू काही वाजवणार का. मी तुमच्या बोटीची चाल वाजवली. माझी, पहिली. आई खाली सा आणि प धरून होती. एक छोटा मुलगा मागे पडला, तर ती त्याच्यासाठी हळू झाली आणि तिने सगळ्यांना हळू केलं, पण कुणाला कळलंसुद्धा नाही. मला कळलं. आई किती चांगलं वाजवते हे मला तेव्हा कळलं. शेवटचं 'नाही' मी ध वर सोडलं. मला वाटलं, आता आई काहीतरी करणार. तिने काही केलं नाही. ती माझ्याबरोबर थांबली.

नंतर आम्ही नळावर हात धूत होतो तेव्हा तिने विचारलं की माझं जास्त होत होतं का. मी म्हटलं, थोडं. ती म्हणाली, उद्या कमी करते. आई असं कधी म्हणत नाही. मला हसू आलं, मग तिलाही आलं, आणि नळ चालूच राहिला म्हणून शिपाईकाका ओरडले.

शनिवारी तिने मला कराराचं सांगितलं. नकार देते, घेते, असं काही म्हणाली नाही. तुला काय वाटतं असं विचारलं, आणि माझं उत्तर येईपर्यंत थांबली. मी सांगितलं की तू ती खुर्ची घे आणि मी तुझ्याबरोबर येते. मावशीकडे मला खूप आवडतं. पण आई मला पहिल्यांदाच काहीतरी विचारत होती, आणि ती आणखी काय काय विचारते ते मला बघायचं आहे.

मावशी खूप छान झालं म्हणाली आणि लगेच माझे कपडे घड्या करायला घेतले. त्याच घड्या तिने तीनदा घातल्या.

तुम्ही लवकर या. पण चालीचा शेवट मी तरीही बदलणार नाही.

तुमची
टिटवी


ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. गुडघा बरा आहे, नमस्कार पूर्ण पोचावा.

तुझं लांबलचक पत्र आलं. टिटवीने तुमच्या इमारतीतल्या मुलांना जिन्यात जमवून काचेच्या बरण्यांत कमीजास्त पाणी घालून पाच सूर लावले, तू सगळ्यात खालच्या पायरीवर बसून दोन बरण्या सांभाळतेस, आणि तुमच्या संचालकांनी जाता जाता तुला तिथे पकडलं, हे सगळं वाचलं. खाली जाऊन चष्मेवाल्या काकांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते फार हसले. मीही हसले. मग वर आले आणि भांडी इतकी आपटली की काका काय झालं म्हणून विचारायला आले.

मला वाटलं होतं की एवढं मोठं मन करून मुलीला निरोप दिला की ते मन तसंच मोठं राहतं. तसं राहत नाही, ताई. तू लिहितेस की ती आता तुझ्यासमोर हसते. मी ते वाक्य वाचलं आणि मला खरोखर पोटात दुखलं. तू जूनपासून काय सोसलंस ते आता मला नीट कळलं. पण कळलं म्हणून काही कमी झालं नाही. बरण्यांची कल्पना तिची, की तुझी? तुझी असेल तर सांगू नकोस.

वर्ग चालू आहे. दोन मुलं नवीन आली आहेत. गालफुगीने चाल बांधली आहे, तिच्या मांजरीवर, आणि ती संपतच नाही, कारण मांजर कधी झोपेल ते सांगता येत नाही असं तिचं म्हणणं. मागच्या बाकावर आता कुणी बसत नाही. कुणी बसायला गेलं तर मी त्याला पुढे बोलावते, उगाचच, ऐकू येणार नाही म्हणते. जेवताना पुस्तक घेते, पण पान उलटत नाही.

एक मागणं आहे. तुझ्या पत्राखाली टिटवी दोन ओळी लिहिते, मावशीला नमस्कार आणि चहा कमी कर. त्या दोन ओळी नकोत मला. तिला सांग, मला वेगळं पत्र लिही. वेगळ्या पाकिटात, वर माझं नाव तिच्या अक्षरात, आणि आत काय लिहिलं ते तू वाचायचं नाहीस. चिकटवायलासुद्धा घ्यायचं नाहीस. पोस्टात तिचं तिने टाकायचं.

लोभ तर आहेच. हेवाही आहे, त्यालाही राहू दे थोडे दिवस.

तुझी
धाकटी